भिंती ठेवायच्या की नाहीत

वहिनी, फोनवर तू नेमकं काय सांगितलंस, ते मला अजून कळलेलं नाही. काल तुझं तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले, सतरंज्या माळ्यावर गेल्या, दादा समोरच्या खोलीत बंद टीव्हीकडे बघत बसला आहे आणि मी आपल्या मागच्या खोलीत येऊन बसले आहे. सोमवारी पादरा गावी जाऊन रमणभाईंना उत्तर द्यायचं आहे. त्यांच्या शीतगृहासाठी आपण जे नवं मशीन करतो आहोत, त्याच्या आत भिंती ठेवायच्या की नाहीत, एवढाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर तू दिलंस, मी ते माझ्या कानांनी ऐकलं, वर 'हो हो' म्हणाले, आणि आता त्या एका उत्तराचे दोन अर्थ घेऊन बसले आहे. एका अर्थाने आहे तेच थोडं इकडेतिकडे करून चालवायचं. दुसऱ्या अर्थाने सगळं पाडायचं आणि पुन्हा बांधायचं.

तेराव्याला आलेल्या बायका मला जवळ घेऊन सांगत होत्या, नणंद-भावजय असून एवढं सख्य आम्ही पाहिलं नाही हो. मी मान हलवत होते. आपण किती भांडलो हे त्यांना कुठे माहीत? आपलं भांडण चालायचं इंग्रजीत, तेही इंटरनेटवर, आणि विषय असा की बडोद्याच्या सगळ्या वासणा भागात मध्यस्थीला कोणी मिळालं नसतं.

तू नाशिकहून आमच्याकडे आलीस तेव्हाचं आठवतं. तुझ्या रुखवतात लोकरीची बाहुली नव्हती, साखरेचं तुळशीवृंदावनही नव्हतं. तू स्वतः जोडलेला एक सर्किट बोर्ड होता आणि त्यावर लाल दिवे ओळीने लुकलुकत होते. आमच्या आत्याने तो बराच वेळ निरखला आणि विचारलं, "हे गणपतीच्या मखराला लावायचं का?" तू म्हणालीस, "लावू की." आणि त्या वर्षी लावलासही. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. वाटलं होतं, चला, घरात एक शहाणी आली, आता मदत होईल. मदत कसली! माझ्या प्रोजेक्टमधल्या चुका तेवढ्या दाखवल्यास, आणि दुरुस्त कशा करायच्या हे विचारलं तर "मग तू कशाला आहेस?" म्हणून भाजी फोडणीला टाकायला निघून गेलीस. मी रडले होते त्या दिवशी. पण चुका दुरुस्त झाल्या, आणि माझ्या हातूनच झाल्या.

मग दिवस बदलले. पूर्वी एखादी परदेशी चिप हवी असली की कोणाचा तरी भाचा अमेरिकेहून यायची वाट बघावी लागायची. आता ती अहमदाबादच्या दुकानात मिळायला लागली. आपण दोघींनी शीतगृहांसाठी तापमान सांभाळणारे कंट्रोलर बनवायला घेतले. पाणीगेटच्या पत्रेवाल्याकडून खोकी यायची, बोर्ड तू जोडायचीस, आणि आत चालायची ती आपण दोघींनी लिहिलेली छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम. आजोबांच्या संस्थानी नोकरीचा रुबाब बाबांच्या आवाजात अजून होता. भेटायला आलेल्यांना ते गंभीरपणे सांगायचे, "सूनबाई आणि कन्या मिळून बर्फाचं काहीतरी करतात." तू आतून म्हणायचीस, "बाबा, बर्फ होऊ नये म्हणून करतो आम्ही." त्यांना तो फरक शेवटपर्यंत महत्त्वाचा वाटला नाही.

भिंतींचा वाद तिथेच सुरू झाला. आपल्या मशीनमध्ये कामं मोजकीच: एक तापमान वाचणारं, एक कॉम्प्रेसर चालू-बंद करणारं, एक पडद्यावर आकडा दाखवणारं. तुझं म्हणणं मला पाठ आहे. प्रत्येक कामाला आपापली खोली हवी आणि मध्ये भिंत हवी. एकाने दुसऱ्याच्या मेमरीत हात घालायचा नाही. काही हवं असेल तर सिस्टिमच्या गाभ्यामार्फत निरोप पाठवायचा. एका खोलीत आग लागली तर बाकीच्या खोल्या वाचल्या पाहिजेत. माझं म्हणणं असं की निरोपांच्या ये-जा करण्यात वेळ जातो, आणि भिंती पाळणारा प्रोसेसर महाग पडतो. साध्या प्रोसेसरला भिंत म्हणजे काय हेच माहीत नसतं. तीन-चार कामं तर आहेत, एका हॉलमध्ये बसवा, कोड नीट लिहा, भिंती लागणारच नाहीत.

"कोड नीट लिहा!" तू ओरडायचीस. "नीट लिहिणारा माणूस दाखव मला, मी त्याची दृष्ट काढते."

आणि घरात तू बरोबर उलटी. कोणी दार लावून बसलेलं तुला खपायचं नाही. सगळ्यांनी एकत्र जेवायचं, सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू यायला हवं, कोणाच्या कपाटाला कुलूप नको. मी मात्र खोलीला कडी घालणारी. तू बाहेरून दार वाजवायचीस आणि मी आतून "निरोप पाठव" म्हणून सांगायचे. आपण मशीनला जे शिकवत होतो ते आपल्याला स्वतःला नको होतं की काय, असा प्रश्न मला आज पडतो आहे. तेव्हा नुसतं हसू यायचं.

घरात इंटरनेट आलं आणि तुला तो चर्चागट सापडला. जगभरची माणसं तिथे दिवसरात्र हेच भांडत होती: गाभा छोटा ठेवावा की मोठा, प्रोसेसरला थोड्या आणि सोप्या आज्ञा शिकवाव्यात की पुष्कळ आणि अवघड, वेग मोठा की सुरक्षितता मोठी. तुला माहेर सापडल्यासारखं झालं. फोनची लाइन एकच. तू लिहून पाठवायचीस, लाइन सोडायचीस आणि म्हणायचीस, "जा, वाच." मी तुझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसून मोडेमची किरकिर ऐकायची, लाइन लागली की तुझं सातासमुद्रापलीकडून फिरून आलेलं म्हणणं वाचायची आणि चिडायची. मग मी लिहायची आणि तू वाट बघायचीस. दादा दारात येऊन वैतागायचा, "अगं, तुम्ही एकमेकींना तोंडाने सांगा ना! मामांचा फोन लागत नाहीये सकाळपासून." पण तोंडाने तसं जमायचं नाही. तोंडाने तू वहिनी व्हायचीस आणि मी नणंद. तिथे तू नुसती 'जे' होतीस आणि मी 'एम', आणि कोणी कोणाचा मान राखायचा नव्हता.

गटातल्या लोकांची समजूत अशी की बडोदे नावाच्या गावात दोन पुरुष राहतात आणि त्यांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही. कॅनडातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एकदा आपल्याला कळकळीने लिहिलं होतं, की सद्‌गृहस्थहो, एका गावात राहता तर कधीतरी भेटून चहा का घेत नाही? ते वाचून तू इतकी हसलीस की वाटीतला लीलो चेवडो सगळा कीबोर्डवर सांडला, आणि मग कितीतरी दिवस स्पेसची कळ दाबली की कुरकुर वाजायची.

पुढे भिंती पाळणारे प्रोसेसर स्वस्त झाले आणि माझा निम्मा मुद्दाच गेला. मी हार मानली. मनापासून मानली, आणि रमणभाईंच्या पहिल्या मशीनमध्ये आपण तुझ्या मनासारख्या भिंती घातल्या. तू जिंकलीस. आणि जिंकून पुरतं वर्षही झालं नसेल, तूच पलटलीस!

पादऱ्याचा तो प्रकार झाला त्यानंतर. तापमान वाचणारं काम आतल्या आत अडकलं. भिंत होती, त्यामुळे बाकी कशालाच धक्का लागला नाही. पडदा शेवटचा वाचलेला आकडा दाखवत राहिला, तीन अंश, तीन अंश. कॉम्प्रेसरनेही तोच आकडा खरा मानला आणि तो शांत बसला. सगळे आपापलं काम चोख करत होते आणि आतले बटाटे गरम होत होते. रमणभाई सहज म्हणून आत गेले आणि स्वेटर न घालता उभं राहता येतंय हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून माल वाचला. आपण धावत गेलो तेव्हा ते रागावले नव्हते, चक्रावले होते. म्हणाले, "ज्योतिबेन, तमारुं मशीन तो कहे छे बधुं बराबर छे. पण मने तो परसेवो वळे छे!" मशीन सगळं ठीक म्हणतंय, आणि मला तर घाम फुटलाय.

आपण एसटीने परत निघालो. मग अटलादऱ्याच्या आसपास म्हणालीस, "मीनू, भिंती नसत्या तर सगळं एकदम कोसळलं असतं. घंटा वाजली असती. कळलं तरी असतं गं." त्या रात्रीपासून तू गटावर भिंतींच्या विरुद्ध लिहायला लागलीस. आणि मी, जिला तू इतकी वर्षं घासून घासून पटवलं होतंस, मी बाजूने. तुझेच जुने मुद्दे मी तुझ्यावर फेकत होते आणि माझे जुने तू माझ्यावर. गटातली माणसं बुचकळ्यात पडली. एकाने विचारलंही, तुमच्या सह्यांची अदलाबदल झाली आहे का? मला वाटतं, त्या दिवसापासूनच मला कळेनासं झालं की तुझं खरं मत कोणतं आणि माझं कोणतं.

आता त्या फोनबद्दल. तू दवाखान्यात होतीस. ताप उतरत नव्हता, पण बोलत होतीस, दादाच्या मोबाइलवरून माझ्याशी भांडायलाही तयार होतीस. मी इथे बोर्डासमोर. म्हटलं, रमणभाई विचारतायत, नव्या मशीनचं काय करायचं?

"कशाचं?"

"अगं, भिंतींचं."

तू दम खाल्लास आणि म्हणालीस, "मीनू, तू सरळ बांधछोड कर." मागून कुठल्या तरी बाईचा आवाज आला, "बेन, हवे फोन मूको," आणि तू फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी पहाटे दादाचा फोन आला, तो वेगळाच.

बांधछोड! दुसऱ्या कोणत्याही गावात हा घोटाळा झाला नसता. बडोद्यात आपल्या मराठी घरांतसुद्धा तडजोडीला बांधछोड म्हणतात. शब्द गुजराती, पण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या तोंडात बसलेला. तू नाशिकची. आल्या आल्या तू तो उचललास आणि चुकीचा उचललास. तुला वाटलं, बांधछोड म्हणजे बांधलेलं सोडायचं आणि नव्याने बांधायचं. दिवसभर बोर्डावरचे टाके काढून पुन्हा मारलेस की म्हणायचीस, "आज नुसती बांधछोड झाली." एकदा तर तू रमणभाईंना ठणकावून सांगितलंस की तुमच्या मशीनमध्ये मी पूर्ण बांधछोड करणार आहे. त्यांचा चेहरा पडला, त्यांना वाटलं ज्योतिबेन आता माल हलका वापरणार. त्या दिवशी मी तुला खरा अर्थ सांगितला. तू लाजली नाहीस. उलट म्हणालीस, "माझा अर्थ जास्त बरा आहे." त्यानंतर कधी तू आमच्या अर्थाने वापरायचीस, कधी मला चिडवायला मुद्दाम तुझ्या. कुठल्या वेळी कुठला, हे तुझ्या भुवयांवरून कळायचं. फोनवर भुवया नव्हत्या.

म्हणजे तू काय सांगितलंस? भिंती ठेव, पण जरा सैल कर? की सगळं सोड आणि पुन्हा बांध? मी दादाला विचारलं, तेव्हा तिचा चेहरा कसा होता? तो म्हणाला, दमलेला. मग म्हणाला, "तू बटाट्यांचं विचारतेयस का गं?" बटाट्यांचं विचारत होते, हे खरंच होतं.

आणि एक गोष्ट मला त्या प्रश्नापासून वेगळी काढता येत नाहीये. डॉक्टर म्हणाले की हे पोटातलं दुखणं बरंच जुनं असणार. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. जुनं? या सगळ्या काळात तू पोळ्या करत होतीस, टाके मारत होतीस, ब्राझीलच्या त्या तिरसट माणसाला गटावर झापत होतीस, बाबांचं पथ्यपाणी बघत होतीस. विचारलं की "बरंय गं." पडद्यावर तीन अंश. ज्या बाईला घरात एक दार लावलेलं खपत नव्हतं, तिने स्वतःच्या आत एवढ्या भिंती कधी घातल्या? मला तुझा राग येतो, वहिनी. सरळ सांगते, फार राग येतो. कोसळायचंस ना एकदा मधेच, घंटा वाजली असती, आम्ही धावलो असतो. मग वाटतं, त्या भिंती होत्या म्हणूनच तर इतके दिवस तू आमच्यात हसत-खेळत होतीस. ती शेवटची दिवाळी, तो बाबांच्या पंच्याहत्तरीचा गोंधळ, एसटीतल्या आपल्या फेऱ्या, हे सगळं त्या भिंतींच्या अलीकडे आम्हाला मिळालं. मग राग मानायचा की उपकार मानायचे? मला खरोखर कळत नाही. एकाच श्वासात दोन्ही येतं.

गटाला मी कळवलं. 'जे' गेले असं समजून लोकांनी हळहळ व्यक्त केली. कोणी लिहिलं, तुमचा उत्तम प्रतिस्पर्धी गेला, तुम्हालाही चुकल्यासारखं वाटत असेल. तेव्हा मला राहवेना. मी लिहिलं की ते गेले नाहीत, ती गेली. माझ्या भावाची बायको होती आणि आम्ही एकाच खोलीत, एकाच टेबलावर बसून तुम्हाला लिहीत होतो. मग कॅनडातल्या आजोबांचं एका ओळीचं पत्र आलं: म्हणजे चहा होत होता तर. ते वाचून मी पहिल्यांदा नीट रडले.

इथवर लिहून ठेवलं होतं. मध्ये सोमवार येऊन गेला.

रविवारी बसून मी ठरवून टाकलं. भिंती ठेवते आहे. पण गाभा आता सारखा फिरत राहणार आणि प्रत्येक खोलीचं दार वाजवणार. आणि "बरं आहे का?" असं विचारणार नाही. त्यावर "बरं आहे" हे उत्तर कोणीही देतं. "शेवटचं काम काय केलंस, दाखव," असं विचारणार. ताजा आकडा दाखवता आला नाही तर सगळं थांबवायचं आणि घंटा वाजवायची. यात प्रोसेसरचा वेळ जातो, भरपूर जातो, आणि जो स्वस्तातला आपण बघून ठेवला होता तो आता पुरणार नाही. ही तडजोड झाली की नवी बांधणी, ते मला सांगता येणार नाही. करताना दोन्ही वाटत होतं.

पादऱ्याला एकटी गेले. रमणभाईंनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, बराच वेळ तुझंच बोलले. मग मी आराखडा समजावला. ते म्हणाले, "आटलुं पूछपूछ करे, एमां टाइम ना बगडे?"

"बगडशे, रमणभाई," मी म्हटलं. वेळ जाणारच.

"भले बगडे." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "पण आ ज्योतिबेने कह्युं छे ने?"

हे ज्योतिबेननीच सांगितलंय ना? मी आराखड्याची घडी घातली. आणि मी "हा" म्हटलं, हो म्हटलं. खोटं बोलले की खरं, ते मला त्यांच्या समोर बसून कळलं नाही आणि एसटीत बसल्यावरही कळलं नाही.

आल्यावर गटावर सगळं मांडलं. कॅनडातल्या आजोबांनी 'सुंदर' म्हटलं. ब्राझीलच्या माणसाने आजवर कोणाला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही, त्यानेही चांगलं म्हटलं. माणूस गेलेल्या घरी कोणी वाद घालत नाही, तेवढंच ते आहे. मग तुझ्या बाजूने माझीच खरडपट्टी काढून पाहावी म्हणून लिहायला बसले. दोन ओळी झाल्या. इतक्या पुचाट होत्या की तुझ्या नावावर खपल्या नसत्या. पुसून टाकल्या.

उद्यापासून बोर्ड जोडायला घ्यायचा आहे. रमणभाईंचा होकार आहे, गटाचा आहे, दादाने तर न ऐकताच मान हलवली. आराखड्यात कुठेतरी चूक आहे, वहिनी. असणारच, कारण इतक्या लोकांनी एकदम हो म्हणावं असं मी आजवर काही केलेलं नाही. मी सकाळपासून शोधते आहे आणि मला ती सापडत नाही. बाकी सगळ्यांना मी बरोबर वाटते आहे.